गोवर्धन आणि इर्शाळगड

ठाण्यातील एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्या निवृत्त शिक्षिका असून त्यांच्या सोसायटीत दर गुरुवारी वीस-पंचवीस जण एकत्र बसून गीता आणि भागवत वाचतात. पत्रातील मुख्य भाग असा आहे :

‘मागच्या महिन्यात गोवर्धनाची कथा वाचून झाल्यावर पाहुणे म्हणून आलेल्या एका प्रवचनकारांनी सांगितले की, अधर्म वाढतो तेथे निसर्ग कोपतो आणि देवाचे अभयवचन खऱ्या भक्तांपुरतेच असते. केदारनाथला मंदिराच्या मागे शिळा येऊन थांबली, म्हणजे देवाने आपले घर राखले, असेही ते म्हणाले. त्या वेळी माझ्याकडे गेली अकरा वर्षे कामाला येणाऱ्या मावशी चहाचे कप गोळा करत होत्या. त्यांचे माहेर इर्शाळवाडीचे. २०२३ च्या दरडीत त्यांची माहेरची माणसे गेली आणि काहींचे देहही मिळाले नाहीत. आता त्या कळव्यात, पारसिकच्या उतारावरील चाळीत राहतात. दुसऱ्या दिवशी भांडी घासताना त्यांनी मला विचारले, “ताई, तुमच्या देवाने तो डोंगर बोटावर धरला, मग आमचा कोणी का नाही धरला?” मला उत्तर देता आले नाही. माझा मुलगा स्थापत्य अभियंता आहे. तो म्हणतो, दगड, माती आणि पाणी एवढेच खरे, बाकी सारे मनाचे समाधान. तेव्हापासून माझ्या हातून पोथी उघडली जात नाही. देवाने दिलेले वचन खोटे होते, की आम्हीच ते चुकीचे वाचले? आणि मावशींना मी काय सांगू?’

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न सर्वांत निकडीचा आहे, म्हणून आधी त्याच्याकडे वळतो. मावशींना काही समजावून सांगण्यापूर्वी तुम्ही त्यांची माफी मागायला हवी, असे मला वाटते. जे बोलले गेले ते तुम्ही बोलला नाहीत हे खरे, परंतु ते तुमच्या बैठकीत, तुमच्या पाहुण्यांच्या तोंडून आणि त्यांच्या कानावर पडेल अशा रीतीने बोलले गेले, आणि त्या वेळी पंचवीस जणांपैकी एकानेही ‘महाराज, असे म्हणू नका’ असे म्हटले नाही. ‘त्या दिवशी जे ऐकावे लागले ते चुकीचे होते, आणि मी गप्प बसले हे माझे चुकले,’ एवढे एक वाक्य त्यांच्या जवळ बसून म्हणा. त्यानंतर त्या बोलल्या तर ऐका, न बोलल्या तर गप्प बसा. त्यांच्या माहेरच्या माणसांची नावे तुम्हाला ठाऊक आहेत का? नसतील तर विचारा. ज्यांचा देह मिळाला नाही, ज्यांच्यासाठी चिता रचता आली नाही, त्यांचे नाव कोणी घेतले तर मागे राहिलेल्याला ते हवे असते.

आता वचनाविषयी. प्रवचनकारांनी गोवर्धनाची कथा सांगून तिच्यातून जो अर्थ काढला, तो त्या कथेच्या नेमका उलट आहे, हे मला तुम्हाला प्रथम दाखवायचे आहे. भागवताच्या दशम स्कंधात गोकुळावर सात दिवस कोसळणारा पाऊस कोणी पाठवला? इंद्राने. आणि का पाठवला? आपला यज्ञ बंद पडला म्हणून त्याला राग आला आणि गोपांना शिक्षा करावी असे त्याच्या मनाने घेतले. म्हणजे ‘अतिवृष्टी ही अपराधी लोकांना दिलेली दैवी शिक्षा आहे’ हा विचार त्या कथेत आहेच, पण तो इंद्राचा आहे, आणि श्रीकृष्ण त्याच्या विरोधात उभा आहे. पाऊस थांबल्यावर कथेत लज्जित होऊन क्षमा मागतो तो इंद्र. भिजलेल्या गोपांपैकी कोणाला ‘तुझ्यात भक्ती कमी पडली’ असे श्रीकृष्ण विचारत नाही. डोंगराखाली सारे गोकुळ मावते, गाईवासरांसह. ज्यांनी ही कथा वाचून दरडीखाली सापडलेल्यांना अधर्मी ठरवले, त्यांनी नकळत इंद्राची बाजू घेतली, असे मला अत्यंत गांभीर्याने म्हणावेसे वाटते.

त्या कथेची सुरुवात तर आणखी विचार करायला लावणारी आहे. आपली उपजीविका गाईंवर, रानावर आणि या डोंगरावर चालते, तेव्हा पूजा त्यांची करावी, असे श्रीकृष्ण नंदाला सुचवतो. संकटाच्या आधीपासूनच त्या लोकांचे डोंगराशी नाते जोडलेले होते. मावशींच्या माहेरच्या ठाकर मंडळींचेही इर्शाळगडाशी असेच नाते होते.

तरीही मावशींचा प्रश्न तसाच उरतो, आणि तो टाळावा असे मला वाटत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील ती वाडी झोपेत असताना वरून कडा सुटला. आदल्या तीन दिवसांत त्या भागात ४९९ मिलिमीटर पाऊस झाला होता. वाडीला गाडीरस्ता नव्हता, त्यामुळे बचाव पथकांना चिखलातून पायी चढून जावे लागले आणि माती उपसणारी मोठी यंत्रे वर पोचूच शकली नाहीत. चार दिवसांनी शोध थांबला तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते आणि ५७ जण बेपत्ता म्हणून नोंदले गेले. दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडीचे नाव नव्हते, हे त्याच सुमारास विधिमंडळात सांगण्यात आले. यांत कोठे बोटावर धरलेला डोंगर दिसत नाही, हे मावशींचे म्हणणे खरेच आहे. खरे आहे तेथे आपण ‘खरे आहे’ म्हणावे.

मग ‘न मे भक्तः प्रणश्यति’ या वचनाचे काय? गीतेच्या नवव्या अध्यायातील एकतिसावा श्लोक तुमच्या पाठातला असणार. त्याच्या आधीचा श्लोक मात्र पुष्कळदा सोडून दिला जातो. तेथे बोलणे चालले आहे ते अत्यंत दुराचारी माणसाविषयी : असा माणूसही अनन्यभावाने वळला तर त्याला साधूच मानावे, तो लवकरच धर्मात्मा होतो, त्याला शांती मिळते, आणि या ओघात ‘माझा भक्त नष्ट होत नाही’ हे वाक्य येते. नष्ट न होणे म्हणजे येथे वाया न जाणे, कायमचा हरवून न जाणे; घरावर दरड न येणे हा त्याचा अर्थ कोठेही निघत नाही. आणखी एक गोष्ट, जी माझ्या ध्यानात फार उशिरा आली : श्रीकृष्ण तेथे ‘मी प्रतिज्ञा करतो’ असे म्हणत नाही. ‘कौन्तेय प्रतिजानीहि’ म्हणतो, म्हणजे ‘अर्जुना, तू प्रतिज्ञा करून सांग.’ वचन देवाचे आहे, पण ते उच्चारण्याची आणि त्याला जामीन राहण्याची जबाबदारी माणसावर टाकलेली आहे.

हे वचन कोणाला आणि कोठे दिले गेले याचा विचार करा. रणभूमीवर, युद्ध सुरू होण्याआधी, अर्जुनाला. युद्धाच्या तेराव्या दिवशी त्याच अर्जुनाचा अभिमन्यू मारला गेला, जो श्रीकृष्णाच्या बहिणीचा मुलगा होता. त्या संध्याकाळी शिबिरात परतताना अर्जुनाने काय सोसले असेल? वचन जर ‘तुझ्या घरातले कोणी जाणार नाही’ असे असते, तर ते तेरा दिवसांतच मोडले असते आणि गीता कोणी जपून ठेवली नसती. ज्यांनी हा ग्रंथ पुढच्या पिढ्यांच्या हाती दिला, त्यांना अभिमन्यूचे मरण ठाऊक होते, आणि तरीही त्यांनी ते वचन पुसले नाही.

याहूनही मला नेहमी थांबवणारी गोष्ट महाभारताच्या मौसलपर्वात आहे, आणि तुमच्या मंडळात ती वाचली जावी असे मला मनापासून वाटते. प्रत्यक्ष श्रीकृष्णाची द्वारका समुद्राने गिळली. यादव आपसांत लढून संपलेले, श्रीकृष्णाने देह ठेवलेला, आणि नगरीत उरल्या होत्या मुख्यतः स्त्रिया, मुले आणि म्हातारी माणसे. श्रीकृष्णाने आधीच निरोप ठेवला होता की अर्जुन येईल, आणि तो सर्वांना घेऊन निघाला की समुद्र या नगरीला बुडवील. अर्जुन आला, त्याने मंत्र्यांना वाहने सिद्ध करायला सांगितली आणि आजपासून सातव्या दिवशी सूर्योदयाला सर्वांनी बाहेर पडायचे अशी मुदत दिली. ती माणसे निघाली आणि मागे पाणी शिरत गेले. स्वतःच्या नगरीसाठीही देवाने समुद्र अडवला नाही. त्याने पूर्वसूचना दिली, माणूस पाठवला आणि सात दिवसांची मुदत मिळेल अशी तजवीज केली. पुढे वाटेत आभीर लुटारूंनी त्या ताफ्यावर हल्ला केला, अर्जुनाचे बाहुबल कमी पडले आणि पुष्कळांना तो वाचवू शकला नाही, हेही व्यासांनी लपवलेले नाही. जे पोचले त्यांची घडी मात्र त्याने बसवून दिली, आणि श्रीकृष्णाचा पणतू वज्र याला इंद्रप्रस्थ दिले.

गोवर्धन आणि द्वारका या दोन्ही कथा एकाच देवाच्या आहेत. आपण पहिली दरवर्षी सांगतो, दिवाळीच्या पाडव्याला अन्नकूट करतो, आणि दुसरी मिटून ठेवतो. मावशींनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या कथेत सापडत नाही. दुसरीत ते पुरते सापडते असेही मी म्हणणार नाही, परंतु तिच्यात निदान त्यांच्यासारखी माणसे आहेत, ज्यांची वस्ती खरोखरच गेली.

संकट ही आपल्याच कर्माची फळे आहेत असे संतांनी म्हटले नाही का, असा प्रश्न मंडळातील कोणी विचारील. तुकोबांचे उदाहरण त्यासाठी जवळचे आहे. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांचा व्यापार बुडाला, मान गेला, आणि पहिली पत्नी ‘अन्न अन्न’ करीत गेली. हे त्यांनी स्वतःच अभंगात सांगितले आहे. त्याच तुकोबांनी दुसरीकडे ‘बरें जालें देवा निघालें दिवाळें’ असेही म्हटले. हे म्हणण्याचा अधिकार त्यांना होता, कारण दिवाळे त्यांचे निघाले होते. देहूतील एखाद्या सुस्थित शेजाऱ्याने त्यांच्या दारात जाऊन ‘बरे झाले, तुमचे दिवाळे निघाले’ असे म्हटले असते, तर शब्द तेच राहूनही ते क्रौर्य ठरले असते. कर्माचा सिद्धांत माणसाने स्वतःकडे पाहताना वापरावा. दुसऱ्याच्या ढिगाऱ्यापाशी उभे राहून तो वापरू नये, या मतावर मी ठाम आहे. आणि दुष्काळानंतर तुकोबांनी काय केले? लोकांकडून येणे असलेल्या पैशांची आपल्या वाट्याची खतपत्रे त्यांनी इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. आपत्तीचा अर्थ लावण्यापूर्वी त्यांनी आपल्या ऋणकोंना मोकळे केले.

नैसर्गिक आपत्तीला पापाची शिक्षा म्हणण्याचा मोह थोरांनाही झालेला आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भूकंप झाला तेव्हा तो अस्पृश्यतेच्या पापाबद्दलची शिक्षा आहे असे गांधीजींनी म्हटले. हेतू किती चांगला होता! तरीही रवींद्रनाथ ठाकुरांनी त्यांना जाहीर विरोध केला : निसर्गाच्या घटनेला असे नैतिक कारण चिकटवणे अशास्त्रीय आहे, आणि आपली पापे कितीही मोठी असली तरी सृष्टीची रचना कोसळवण्याइतके बळ त्यांच्यात नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. गांधीजींनी ते पत्र आपल्या ‘हरिजन’ साप्ताहिकात छापले आणि स्वतःचे मत कायम ठेवून उत्तरही दिले. मला या वादात रवींद्रनाथांचे पटते. अस्पृश्यता हे पाप होतेच, पण भूकंपात गाडले गेलेल्यांत ती सोसणारेही होते. मग शिक्षा कोणाला झाली?

केदारनाथच्या शिळेविषयी फार लिहीत नाही. जून २०१३ मध्ये मंदिर उभे राहिले याचा आनंद मलाही झाला होता, पण त्याच प्रलयात हजारो माणसे गेली आणि त्यांतील कितीतरी जण दर्शनालाच आलेले होते. दगडी भिंत राखून भाविकांना जाऊ देणारा देव उभा केला, तर त्यात देवाचाच अपमान होतो.

हा प्रश्न केवळ आपल्या पोथ्यांपुरता नाही, आणि त्यासाठी तुम्हाला ठाण्याबाहेरही जावे लागणार नाही. आपल्या शहरात १८७९ मध्ये बांधलेले बेने इस्राएल या ज्यू समाजाचे प्रार्थनामंदिर आहे, ‘शार हाशमाईम’, म्हणजे स्वर्गाचे द्वार. माझ्या लहानपणी आमच्या शेजारी याच समाजाच्या एक आजी राहत. खाडीवर इंद्रधनुष्य उमटले की त्या पुटपुटत काहीतरी म्हणत. विचारले तेव्हा, ‘देवाने करार लक्षात ठेवला म्हणून त्याचे आभार मानायचे असतात,’ असे त्यांनी सांगितले. नोहाच्या महापुरानंतर देवाने दिलेले ते वचन. मोठा झाल्यावर मी तो भाग वाचला. पुन्हा कधीही महापुराने सर्व सजीवांचा नाश होणार नाही, असे ते वचन आहे, आणि ते नोहाबरोबर पशुपक्ष्यांसह साऱ्या पृथ्वीला दिलेले आहे. कोणत्याही गावात पूर येणार नाही असे त्यात म्हटलेले नाही. आजींच्या समाजाला हे सांगावे लागत नव्हते, कारण त्यांची स्वतःची कथाच गलबत फुटण्यापासून सुरू होते : अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर पूर्वजांचे जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, बाकीच्यांचे देह तेथेच पुरले. वाचलेले चौदा जण पुण्यवान होते आणि बुडालेले पापी होते, असे सांगणारी कथा त्या आजींच्या तोंडून मी कधी ऐकली नाही. ख्रिस्ती शुभवर्तमानातही शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेल्याचा उल्लेख आहे, आणि ते इतरांपेक्षा अधिक अपराधी होते असे समजता काय, असे विचारून येशू स्वतःच ‘नाही’ म्हणतो. कुराणात तर भय, भूक आणि धन, जीव व पिकांची हानी यांनी परीक्षा होईल असे आधीच सांगून ठेवले आहे, आणि शुभवार्ता आहे ती धीर धरणाऱ्यांसाठी. संकटातून सूट कोणीच कबूल केलेली नाही.

तुमच्या मुलाविषयी. तो जे सांगतो ते तुम्ही नीट ऐकून घ्या, कारण ते खरे आहे. सह्याद्रीचा कठीण बेसॉल्ट खाली आणि त्यावर झिजून तयार झालेला माती-मुरुमाचा थर, अशी या उतारांची रचना असते. पाऊस सतत पडला की तो थर पाण्याने जड होतो, कणांमधील पाण्याचा दाब वाढून त्यांची एकमेकांवरील पकड सुटते आणि सारा थर खडकावरून घसरतो. उतार कापला, झाडे तोडली, पाण्याच्या वाटा बुजवल्या की हे लवकर घडते. शिवाय पाऊसही पूर्वीसारखा राहिलेला नाही; मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात जवळपास तिप्पट झाल्या, असे अभ्यासकांनी मोजून दाखवले आहे. यांतील काहीही नाकारण्याची गरज श्रद्धेला नाही. पण दरड कशी कोसळली हे सांगून झाल्यावर, त्या रात्री नेमकी माझ्या भावाचीच भिंत का, हा बहिणीचा प्रश्न मुलाच्या आकडेमोडीत बसत नाही. त्याचे उत्तर मलाही देता येत नाही, आणि ते देणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. मुलाशी वाद घालू नका. त्याला एक काम सांगा : एखाद्या रविवारी मावशींबरोबर कळव्याला जाऊन त्यांची चाळ आणि मागचा उतार पाहून ये.

हे मी सहज सुचवत नाही. पारसिकच्या त्याच डोंगराखाली, घोलाईनगरमध्ये, जुलै २०२१ मध्ये दरड कोसळून एकाच घरातील माणसे गेली. मावशींनी माहेर एका डोंगराखाली गमावले आहे आणि त्या झोपतात दुसऱ्या डोंगराखाली. जमिनीला नव्या भेगा पडणे, झाडे किंवा विजेचे खांब कलणे, दारे-खिडक्या अचानक घट्ट होणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे किंवा आटणे, ही लक्षणे तुमचा मुलगा त्या चाळीतील लोकांना अर्ध्या तासात समजावून सांगू शकेल. अशा वस्त्यांना पावसाळ्यापूर्वी घरे रिकामी करण्याच्या नोटिसा लागतात, आणि लोक घर सोडत नाहीत म्हणून आपण त्यांनाच दोष देतो. पण मध्यरात्री दोन मुले आणि एक म्हातारी घेऊन त्यांनी जायचे कोठे?

तुमच्या सोसायटीत एक सभागृह आहे. गुरुवारी तेथे पंचवीस जण बसतात. हवामान खाते ठाणे जिल्ह्याला रेड अलर्ट देते त्या रात्री मावशींच्या चाळीतील पाच-सहा कुटुंबे तेथे झोपू शकतील का? कमिटीची परवानगी लागेल, कोणी सुरक्षेचा मुद्दा काढील, कोणी स्वच्छतागृहाचा काढील, आणि दोन बैठका त्यातच जातील, हे मला ठाऊक आहे. तरीही हा विषय तुमच्या वाचनमंडळाने मांडावा. ‘योगक्षेमं वहाम्यहम्’, म्हणजे ‘भक्तांचा योगक्षेम मी वाहतो’, हे गीतेतील वाक्य तुम्ही दर आठवड्याला म्हणता. त्यातील ‘वहामि’ हे क्रियापद ओझे वाहण्याचे आहे, आणि ओझ्याला खांदा लागतो.

पोथी पुन्हा उघडायची की नाही, हा तुमचा प्रश्न राहिला. उघडा, पण गोवर्धनाच्या कथेपासून नको. मौसलपर्वातील अर्जुन द्वारकेत येतो तेथपासून वाचा, आणि वाचताना मावशी घरात असतील तर त्यांना कप गोळा करायला न लावता शेजारी बसवा. त्यांनी मध्येच काही विचारले आणि उत्तर आले नाही, तर ‘मला ठाऊक नाही’ म्हणा आणि पुढची ओळ वाचा. त्या प्रवचनकारांना पुन्हा बोलावण्याआधी तुमचे मत त्यांना पत्राने कळवा. ते समजून घेतील अशी आशा मी बाळगून आहे. सभागृहाचे मात्र त्यापूर्वी ठरायला हवे, कारण कमिटीची पुढची बैठक मे महिन्यात असेल आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस येतो.